लिनक्ससाठी जुना लॅपटॉप: नागपूरच्या बर्डी बाजारात जाताना पेनड्राइव्ह खिशात ठेवा

लॅपटॉप बनवणारी कंपनी बहुतेकदा आपलं मशीन विंडोजवर तपासते आणि तेवढ्याचीच जबाबदारी घेते. त्यावर लिनक्स, फ्रीबीएसडी नाहीतर ओपनबीएसडी (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिम) टाकलं आणि वायफाय दिसेना किंवा झाकण मिटूनही पंखा फिरतच राहिला, तर कस्टमर केअरकडून काही मिळत नाही. म्हणून सगळी तपासणी पैसे देण्याआधी, दुकानातच करायची. तिला जास्तीत जास्त पाऊण तास लागतो.

आधी काय शोधायचं ते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसांनी काढून टाकलेली सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं सेकंडहँड बाजारात आली आहेत. विंडोजवाल्यांच्या दृष्टीने ती म्हातारी झाली. लिनक्ससाठी मात्र हेच वय चांगलं, कारण त्यांच्यातल्या चिप्सचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कित्येक वर्षं मुरले आहेत. परवाच बाजारात आलेल्या चकचकीत मॉडेलचा कॅमेरा किंवा स्पीकर लिनक्सवर चालायला कधी कधी वर्ष-दीड वर्ष जातं.

तरी सातव्या आणि आठव्या पिढीच्या भावात थोडाच फरक असेल तर आठवी घ्या. सातव्या पिढीच्या यू मालिकेतल्या आय५ मध्ये दोन कोअर असतात, आठवीच्या आय५-८२५०यू किंवा ८३५०यू मध्ये चार. कंपायलिंग करायचं असो की ब्राउझरच्या वीस टॅब उघडायच्या असोत, हा फरक लगेच जाणवतो.

ऑफिससाठी बनवलेल्या मालिकाच बघा: लेनोवोचे थिंकपॅड टी४७० आणि टी४८०, डेलचं लॅटिट्यूड ५४९०, एचपीचं एलिटबुक ८४० जी५. या चौघांत रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि इथरनेटचं पोर्टही आहे. टी४८०एस मध्ये अर्धी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. एक्स२८० आणि एक्स१ कार्बनमध्ये सगळीच. सोल्डर केलेली ८ जीबी घेतली की ती शेवटपर्यंत ८ जीबीच. आणि एकाच मॉडेलच्या पोटात वेगवेगळा माल असतो, हे विसरू नका. एका टी४८० मध्ये नुसतं इंटेलचं ग्राफिक्स, शेजारच्यात एनव्हिडियाचं एमएक्स१५०. एकाची स्क्रीन १९२० बाय १०८० आयपीएस, दुसऱ्याची १३६६ बाय ७६८ आणि तीही जरा तिरकं पाहिलं की फिकी. मित्राकडे तेच मॉडेल आहे आणि छान चालतं, एवढ्यावर भागत नाही. समोरच्या मशीनमध्ये काय आहे ते समोरच्याच मशीनला विचारायचं.

पेनड्राइव्हची तयारी

१६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि घरच्या कंप्युटरवरून त्यात व्हेंटॉय हा बूट करून देणारा प्रोग्राम टाका. व्हेंटॉय एकदा बसलं की आयएसओ फाइल (सिस्टिमची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) नुसत्या कॉपी करायच्या. दर वेळी पेनड्राइव्ह नव्याने लिहावा लागत नाही. त्यात उबुंटू किंवा फेडोरा या लिनक्सची ताजी आवृत्ती ठेवा, म्हणजे नवीन कर्नल हाताशी राहील. सोबत डेबियन या लिनक्सची लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) आयएसओ ठेवा, ती का ते पुढे येईल. पेनड्राइव्ह ब्रँडेडच बरा. फुटपाथवरच्या '६४ जीबी' वाल्याने बूट होताना दगा दिला तर दोष लॅपटॉपच्या माथी जातो.

दुकानदाराला आधीच सांगा: "भाऊ, पेनड्राइव्हवरून चालवून पाहतो, आतल्या डिस्कला हात लावत नाही." बरेच जण हो म्हणतात. जो अजिबात बूट करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. बर्डीत दुसरं दुकान चार पावलांवर आहे. शक्यतो दुपारच्या आत जा. संध्याकाळी गर्दी वाढली की कोणी तुम्हाला काउंटर अडवू देणार नाही.

पहिलं काम बायोसमध्ये

मशीन सुरू करताच थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबा, म्हणजे बायोस हा मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा उघडतो. बायोस पासवर्ड विचारू लागलं तर तिथेच थांबा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो. सीएमओएसचा सेल काढून तो जात नाही. "उद्या काढून देतो" असं उत्तर मिळालं तर पैसेही उद्याच द्या. पासवर्ड नसेल तर सुरक्षेच्या पानावर जाऊन कंप्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्युट नावाची नोंद बघा. ती सुरू असेल तर मशीन अजून कुठल्यातरी कंपनीच्या हिशोबात असू शकतं. असं मशीन नको.

तिथेच दोन बदल करा. सिक्युअर बूट बंद करा. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन ते सुरू असतानाही चालतात, पण व्हेंटॉयला वेगळी किल्ली नोंदवावी लागते आणि बीएसडीसाठी ते बंदच ठेवावं लागतं. दुसरं, स्टोरेजची सेटिंग. ती रेड किंवा आरएसटी अशी असेल तर एएचसीआय करा. नाहीतर लिनक्सच्या इन्स्टॉलरला आतली एसएसडीच दिसत नाही आणि ती खराब आहे असं वाटून चांगलं मशीन परत केलं जातं. मूळ सेटिंग कागदावर लिहून ठेवा, कारण सौदा जमला नाही तर पूर्ववत करून द्यायला हवी. एएचसीआय केल्यावर दुकानदाराचं विंडोज उठणार नाही.

आता बूट मेन्यू: लेनोवो आणि डेलवर एफ१२, एचपीवर एफ९.

वायफाय, म्हणजे निम्मं दुखणं

डेस्कटॉप समोर आला की टर्मिनल उघडा. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. पहिली आज्ञा: एलएसपीसीआय -एनएनके. मशीनमधल्या एकेक चिपचं नाव, तिचा क्रमांक आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. नेटवर्क कंट्रोलरखाली ती ओळच नसेल, तर त्या चिपला ड्रायव्हर सापडलेला नाही.

चौकटी कंसातल्या क्रमांकाचे पहिले चार आकडे कंपनी सांगतात. ८०८६ म्हणजे इंटेल: पुढे जा. ७२६०, ८२६०, ८२६५, ९२६०, एएक्स२०० आणि एएक्स२१० ही सगळी कार्डं लिनक्सवर निमूट चालतात. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. बऱ्याच कार्डांना कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की तो रुसतो. १०ईसी म्हणजे रियलटेक. स्वस्त घरगुती मॉडेलमधली आरटीएल८७२३डीई आणि आरटीएल८८२१सीई ही कार्डं चालतात असं म्हणता येतं, पण राउटरपासून दोन खोल्या दूर गेलं की रडतात. १४सी३ म्हणजे मीडियाटेक. एमटी७९२१ नव्या कर्नलवर ठीक आहे, जुन्यावर दिसतच नाही.

कार्ड वाईट निघालं म्हणून मशीन सोडायचं कारण नाही, पण बदलता येतं का ते बघा. वर सांगितलेल्या मॉडेलांत ते एम.२ च्या २२३० मापाचं, एका स्क्रूवर बसलेलं असतं. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यायचं. एएक्स२०१, एएक्स२११ आणि ९५६० दिसायला हुबेहूब तशीच असतात, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरच्या चिपसेटमध्ये असतं. चुकीच्या मशीनमध्ये बसवली की ती मेल्यासारखी पडून राहतात. अँटेनाच्या तारांची टोपणं तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतात. ती बाजूने ढकलू नका. टोपण बरोबर वर आणून नखाने सरळ खाली दाबा, बारीक टक् असं जाणवतं. तिरकं दाबलं की कार्डावरचं पितळी कडं वाकतं आणि मग रेंज कायमची अर्धी.

एक्स२३०, टी४३० या काळातल्या थिंकपॅडमध्ये आणखी एक अडसर आहे: बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून मशीन सुरूच होत नाही. त्यात आहे ते कार्ड चालत असेल तरच मशीन घ्या.

चिप चांगली असली तरी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, लागतं. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, ते इन्स्टॉलरमध्येच येतं. ओपनबीएसडीमध्ये तसं नाही. इन्स्टॉल झाल्यावर एफडब्ल्यू_अपडेट हा प्रोग्राम ते नेटवरून उतरवतो आणि नेट तर वायफायवरच अवलंबून! हा पेच सोडवायला इथरनेटचं पोर्ट हवं. पातळ मॉडेलमधून ते गायब झालंय, म्हणून मुद्दाम बघा. नसेल तर फोनचं यूएसबी टेदरिंग वापरून बघता येतं.

बीएसडी टाकायचं असेल तर अटी आणखी कडक. ओपनबीएसडीमध्ये ब्लूटूथ नाहीच. २०१४ मध्ये ते काढून टाकलं. वायरलेस इयरफोनशिवाय जमत नसेल तर इथेच विचार करा. एनव्हिडियाच्या चिपसाठी तिथे थ्रीडीचा ड्रायव्हर नाही. फ्रीबीएसडीला एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मिळतो, आणि इंटेल-एएमडीसाठी डीआरएम-केमॉड हे पॅकेज लागतं. दोघांसाठीही इंटेल वायफाय आणि इंटेल ग्राफिक्स असलेलं, पाच-सात वर्षं जुनं मशीन हाच सरळ रस्ता.

ग्राफिक्स आणि बाकीचे अवयव

इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स असलेलं घ्या. गेम किंवा कूडाचं (एनव्हिडियाच्या चिपवर गणितं चालवण्याचं) काम नसेल तर एनव्हिडियाची दुसरी चिप म्हणजे उष्णता, बॅटरीची नासाडी आणि दर कर्नल अपडेटला धाकधूक. त्यात काही मॉडेलांत एचडीएमआयची तार थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेली असते. तिचा ड्रायव्हर नीट नसला की प्रोजेक्टर काळा. दुकानात मॉनिटर असतोच, केबल लावून बघा.

कॅमेरा लावून बघा. जुन्या मशीनमध्ये तो आतून यूएसबीवर असतो, एलएसयूएसबी या आज्ञेत दिसतो आणि चालतो. बाराव्या पिढीपासूनच्या काही पातळ मॉडेलांत मात्र तो आयपीयू६ या वेगळ्या मार्गाने जोडलेला असतो आणि तिथे डोकेदुखी आहे. आवाज रेकॉर्ड करून ऐका. हेडफोन खोचून काढा, स्पीकर परत सुरू होतो का बघा. ब्राइटनेसची बटणं दाबा. बोटांच्या ठशाचा सेन्सर चालला तर नशीब, त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

काय टाळायचं तेही ऐका. २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेलं स्टोरेज) आणि अ‍ॅटम प्रोसेसरवाली छोटी मशीनं स्वस्तात मिळतात. त्यातल्या बऱ्याच ६४ बिटी मशीनना ३२ बिटी यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असतं आणि नेहमीचा पेनड्राइव्ह बूटच होत नाही. २०१८ ते २०२० च्या टी२ चिपवाल्या मॅकबुकमध्ये कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसाठीसुद्धा वेगळा, सुधारलेला कर्नल लागतो. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकवर 'असाही लिनक्स' या नावाचा लिनक्स चांगला चालतो, पण तो मार्ग नवशिक्याने पहिल्या लॅपटॉपसाठी धरू नये.

झोप लागते का

नागपुरात या तपासणीला दुप्पट महत्त्व आहे. लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, बॅग गाडीच्या डिक्कीत, आणि मशीन आत जागंच. मे महिन्यातल्या डिक्कीत असं तासभर राहिलं तर बॅटरीचं आयुष्य सरळ कमी होतं.

/सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल टर्मिनलमध्ये कॅट या आज्ञेने वाचा. त्यात 'डीप' हा शब्द दिसला तर मशीनला जुनी, गाढ झोप येते. नुसतं 'एसटूआयडल' असेल तर ती डुलकी. रात्रभरात बॅटरी बरीच उतरू शकते. अकराव्या पिढीपासूनच्या बहुतेक इंटेल लॅपटॉपांत गाढ झोप काढूनच टाकली आहे. टी४९० सारख्या काही थिंकपॅडांत बायोसमध्ये झोपेचा प्रकार 'लिनक्स' असा निवडता येतो.

आता झाकण मिटा, पाच मिनिटं थांबा. इंडिकेटर हळू लुकलुकायला हवा, पंखा थांबायला हवा. झाकण उघडल्यावर स्क्रीन, टचपॅड आणि वायफाय तिन्ही परत आले पाहिजेत. इथे एक फसगत होते: सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालू असते, आणि जागं होताना पेनड्राइव्ह नव्याने ओळखला गेला तर सगळं गोठतं. तो दोष लॅपटॉपचा नव्हे. यासाठीच डेबियनची लाइव्ह आयएसओ सोबत घ्यायची. बूटच्या ओळीत 'टोरॅम' हा शब्द जोडला की ती पूर्ण रॅममध्ये चढते, पेनड्राइव्ह काढून घेता येतो आणि मग झोपेची चाचणी खरी होते. ८ जीबी रॅममध्ये डेबियन मावतं. उबुंटूची आयएसओ त्यासाठी फार जड आहे.

बॅटरी, चार्जर आणि उन्हाळा

दुकानात शिरल्याबरोबर चार्जर काढून ठेवायला सांगा, म्हणजे बाकीची तपासणी होईतो बॅटरीचीही परीक्षा होते. यूपॉवर -डी ही आज्ञा दिली की 'एनर्जी-फुल' आणि 'एनर्जी-फुल-डिझाइन' हे दोन आकडे दिसतात. समजा डिझाइन ५० वॉट-तास आणि आजचं फुल ३१. म्हणजे ६२ टक्के शिल्लक. ७० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागा. १०० टक्के दिसलं तर खूश होण्याआधी जरा थांबा: नकली बॅटरीची चिप वाटेल ते सांगते. खूण अशी की टक्केवारी ३५ पर्यंत नीट उतरते आणि मग एकदम मशीन बंद.

मशीन काचेच्या काउंटरवर सपाट ठेवा. चारही पाय टेकतात का, टचपॅड मधोमध वर आलाय का, त्याचं क्लिक घट्ट झालंय का? तसं असेल तर आत बॅटरी फुगली आहे. टी४८० मध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेर असते. बाहेरची नवी घालून आतली फुगलेली तशीच ठेवलेली असू शकते, दोन्हींचे आकडे वेगवेगळे बघा.

डेलच्या चार्जरची एक खोड लक्षात ठेवा. गोल पिनच्या मधल्या बारीक सुईतून लॅपटॉप चार्जरची ओळख विचारतो. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू चालवला जातो. लिनक्स टाकल्यावर 'मशीन फार स्लो आहे' ही तक्रार कितीदा तरी नकली चार्जरची असते. सुरू होताना अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश दिसला तर दुसरा चार्जर मागा.

आता तापमान. चार-आठ टर्मिनल उघडा आणि प्रत्येकात येस ही आज्ञा द्या, तिचा आउटपुट डेव्ह-नलकडे वळवून, म्हणजे येस > /डेव्ह/नल. प्रोसेसरचे जितके थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) तितकी टर्मिनल. आय५-८२५०यू साठी आठ. दहा मिनिटं चालू द्या. /सिस/क्लास/थर्मल खालच्या टेम्प फाइलींत तापमान अंशाच्या हजारव्या भागात मिळतं, म्हणजे ८२००० वाचलं की ८२ अंश. मग साधा हिशोब करा. दुकानात एसी आहे, २५ अंश. तिथे ८० दाखवत असेल तर मशीन हवेपेक्षा ५५ अंश वर आहे. घरी नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) खोली ४० वर गेली की तोच आकडा ९५ च्या आसपास जाईल, आणि १०० च्या जवळ प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे एसीतल्या दुकानात ७५ ते ८० च्या वर जाणारं मशीन घ्यायचंच असेल तर नवी थर्मल पेस्ट आणि पंख्याची सफाई धरूनच भाव ठरवा. सुकलेली पेस्ट बदलल्यावर चांगला फरक पडतो. घासाघीस करायलाही हा मुद्दा बरा.

घरी आणल्यावर

इन्स्टॉल झाल्याबरोबर एफडब्ल्यूअपडी हा फर्मवेअर अपडेट करणारा प्रोग्राम चालवा. डेल, लेनोवो आणि एचपीच्या ऑफिस मालिकांचं बरंच फर्मवेअर त्यातून लिनक्सवरच अपडेट होतं. टी४८० असेल तर थंडरबोल्टचं फर्मवेअर सगळ्यात आधी तपासा. २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडांत जुन्या आवृत्तीमुळे यूएसबी-सी पोर्ट काम करेनासं होतं आणि टी४८० चार्ज होतो तो यूएसबी-सी वरूनच. दुकानात दोन्ही पोर्टांवर चार्जर लावून पाहायचं कारण हेच.

लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर चार्जची मर्यादा घाला. थिंकपॅडवर टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये सुरुवात ७५ टक्के, शेवट ८०. डेलमध्ये हीच सोय बायोसच्या बॅटरीच्या पानावर आहे. गरम खोलीत १०० टक्के भरलेली बॅटरी लवकर फुगते.

आणि कूलरच्या समोर टेबल मांडू नका. ती हवा गार असते पण ओली असते, आणि पंखा तीच आत ओढतो. खसच्या काड्यांची धूळ आणि बाष्प मिळून हीटसिंकच्या पात्यांवर चिखलाचा थर बसतो. कूलर बाजूला, हवा अंगावर, लॅपटॉप झोताबाहेर. मेच्या आधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा मागचं झाकण उघडून मऊ ब्रशने पंखा साफ करा. त्याआधी थिंकपॅडच्या बायोसमधून आतली बॅटरी बंद करायला विसरू नका. त्या सोयीचं नाव 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' आहे आणि चार्जर परत लावला की बॅटरी आपोआप सुरू होते.

पैसे देताना बिलावर मॉडेलसोबत सिरीयल नंबर, रॅम, एसएसडीचं माप आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. 'विंडोज काढलं तर वॉरंटी नाही' अशी अट बऱ्याच ठिकाणी तोंडी सांगतात. ती हार्डवेअरला लागू नाही, एवढं एक वाक्य बिलावरच लिहून मागा, आणि दुकानातून निघण्याआधी एएचसीआयची सेटिंग तशीच आहे ना ते बघा.